भावाचा पत्ता : मार्फत 56 ए.पी.ओ.

मैत्रिणींनो, तुमच्या माहेरी कोनाड्यात किंवा माळ्यावर एखादी कागद टोचायची तार अजून आहे का, बघा बरं. खाली लाकडाची चकती, वर वाकवलेला आकडा आणि मधे टोचून ठेवलेली विजेची बिलं, शेतसाऱ्याच्या पावत्या, लग्नपत्रिका. त्यांच्यातच कुठंतरी निळसर अंतर्देशीय पत्रं असतात. घरातलं कुणी फौजेत असेल तर त्यातल्या पुष्कळ पत्रांवर पाठवणाऱ्याच्या गावाचं नावच सापडणार नाही. नंबर, हुद्दा, नाव, पलटण आणि शेवटी 'मार्फत 56 ए.पी.ओ.' एवढाच पत्ता.

हा छप्पन्न आकडा म्हणजे गाव नव्हे. 56 ए.पी.ओ. लिहिलेलं पत्र दिल्लीच्या फौजी टपाल केंद्रात जातं आणि 99 ए.पी.ओ. लिहिलेलं कोलकत्याच्या. कुठली पलटण आज कुठं आहे हे तिथल्या माणसांना ठाऊक असतं, आपल्याला नसतं. हे काम करणारी आर्मी पोस्टल सर्व्हिस 1 मार्च 1972 पासून फौजेतलं स्वतंत्र दल झाली. तिचं शिक्षण केंद्र आपल्या नागपूरजवळ कामठीला आहे आणि तिच्यातली बरीच माणसं नेहमीच्या टपाल खात्यातूनच घेतलेली असतात. म्हणजे काल गल्लीत पत्रं वाटणारा माणूस उद्या वर्दी घालून बर्फात पत्रं वाटत असतो. बायकांनी या लोकांचे उपकार किती मानावेत! पण त्यांच्यावर कुणी दोन ओळी लिहीत नाही, म्हणून हा थोडा आडरस्ता घेतला.

आज मला बोलायचं आहे ते एका खास प्रकारच्या पत्रांबद्दल. सरहद्दीवरच्या लढाईतली पत्रं वेगळी आणि यादवीतली वेगळी. यादवी हा शब्दच आपल्याकडे कृष्णाच्या कुळावरून आला. एकाच घरातली माणसं एकमेकांवर उठली की ती यादवी. आपले भाऊ अशा एका यादवीत गेले होते, आणि तीही परक्या देशातल्या.

1983 पासून श्रीलंकेत सिंहली सरकार आणि तमिळ बंडखोर यांच्यात उघड युद्ध पेटलं होतं. 29 जुलै 1987 रोजी कोलंबोत राजीव गांधी आणि जयवर्धने यांनी करार केला आणि शांतिसेना म्हणून आपले जवान जाफन्यात उतरले. त्यांत बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे आणि महार रेजिमेंटचे जवानही होते. जाफन्याच्या तमिळ लोकांनी सुरुवातीला त्यांना हार घातले. सप्टेंबर सरला आणि ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात त्याच गल्ल्यांमधून गोळ्या येऊ लागल्या. ज्यांना वाचवायला आलो त्यांच्यातल्याच पोरांशी लढाई! मार्च 1990 मध्ये शेवटचे जवान परतले, तोवर आपले सुमारे बाराशे जण तिथं कामी आले होते. महार रेजिमेंटचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना 25 नोव्हेंबर 1987 च्या लढतीसाठी मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. जन्म त्यांचा मुंबईचा.

आता नरसीला येऊ. हिंगोलीजवळ कयाधू नदीच्या काठी नरसी नामदेव हे संत नामदेवांचं जन्मगाव. आषाढीला पंढरपूरला गेलेले वारकरी परतताना आषाढ वद्य एकादशीला इथं येतात. तिला परतवारी म्हणतात. आमच्या ओळखीच्या एक काकू मूळच्या तिथल्या. त्यांनी आपलं नाव छापू नका म्हणून सांगितलं आहे, म्हणून नुसतं काकूच म्हणते. 1987 साली काकू दहावी पास होऊन घरी होत्या, लग्न व्हायचं होतं. त्यांचे दादा मराठा लाइट इन्फन्ट्रीत, आणि धाकटा भाऊ नुकताच भरती होऊन पंजाबात. वडील वारकरी, अक्षरओळख नाही. आईलाही नाही. त्यामुळे दोन्ही भावांची पत्रं वाचायची काकूंनी आणि उत्तरंही लिहायची काकूंनीच.

आपल्या पिढीतल्या कितीतरी बहिणींनी हे काम केलं असेल! 'ती. बाबांच्या सांगण्यावरून लिहिते' असं वर लिहायचं आणि खाली सगळं स्वतःच्या अकलेनं. वडील सांगायचे, "लिही, पाऊस नाही, विहिरीनं तळ गाठला." काकू लिहायच्या, "पाऊस थोडा ओढला आहे, काळजी नसावी." आईला ताप होता हे लिहिलंच नाही. एवढ्या लांब बसून दादा करणार काय? उलट तिकडून दादाही तेच करत होते. 'सा. न. वि. वि., इकडील सर्व क्षेम, तिकडील खुशाली कळवणे.' मग म्हशीची चौकशी, जमिनीच्या मोजणीचं काय झालं, धाकट्याचं पत्र आलं का, पोस्टमनकाकांना नमस्कार. दोन्ही बाजूंनी खुशाली, आणि दोन्ही बाजूंनी लपवाछपवी. काकू म्हणतात, "आम्ही दोघं बहीणभाऊ एकमेकांना दोन वर्षं फसवत होतो, आणि दोघांनाही ते कळत होतं."

कुठे आहोत, किती जण आहोत, कधी हलणार, हे जवानानं पत्रात लिहायचं नाही ही फौजेची शिस्त. मग दादा श्रीलंकेत आहेत हे घरात कळलं कसं? ऑगस्टमधल्या पत्रात त्यांनी लिहिलं होतं की इथं ताडाची झाडं फार, जिकडं बघावं तिकडं ताड, आणि माणसं नारळाशिवाय काही रांधत नाहीत. रेडिओवर जाफना-जाफना चाललेलं होतंच. काकूंनी शाळेतल्या गुरुजींना विचारलं. ताड हे जाफन्याचं झाड आहे म्हणे. झालं, त्या रात्री आईनं देवापुढं दिवा लावून ठेवला तो विझू दिला नाही.

काकूंची पत्र वाचायची रीत ऐकण्यासारखी आहे. पत्र आलं की पहिल्यांदा त्या मजकूर वाचतच नसत. आधी पत्त्याचं अक्षर बघायच्या. दादांच्या हातचं आहे ना? अक्षर दुसऱ्याचं असेल तर हात जायबंदी झाला की काय, ही धास्ती. मग शिक्क्यावरची तारीख. मग आतली तारीख. दोन्हींत किती दिवसांचं अंतर आहे ते मोजायचं. हे सगळं पोस्टमनच्या समोर, उंबऱ्यात उभं राहून, आणि तोंडानं मात्र "खुशाल आहे, खुशाल आहे" असं आईला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणायचं. तार आली तर मात्र बघायला काही नसतं. त्या काळी खेड्यात तारवाला दारात उभा राहिला की बायका आधीच रडायला लागायच्या, मग ती तार नोकरीच्या मुलाखतीची का असेना.

त्या वर्षीची राखी आठवा. करार झाल्यावर दहा-बारा दिवसांतच राखी पौर्णिमा होती. परतवारीच्या बाजारातून काकूंनी दोन राख्या घेतल्या होत्या. परतवारी आणि राखी यांच्यात अडीच-तीन आठवडे असतात, तेवढ्यात टपाल पोचतं, असा त्यांचा दरवर्षीचा हिशेब. पण पाकीट वाटेत असताना पलटणच हलली. राखी पोचली ती ऑक्टोबरात. आणि ऑक्टोबरच्या उत्तरार्धात, जाफन्याची लढाई ऐन भरात असताना, दिवाळी आली. पत्रं बंद झाली होती. भाऊबीजेला भाऊ जवळ नसला की आपण चंद्राला ओवाळतो. काकूंनी त्या दिवशी दोनदा ओवाळलं, एकदा पंजाबसाठी, एकदा जाफन्यासाठी. आईनं विचारलं, "दोनदा कशाला गं?" तर म्हणाल्या, "चंद्र एक असला तरी भाऊ दोन आहेत ना."

धाकट्याची पत्रं अगदी निराळी. पंजाबातही ते दिवस बरे नव्हते, पण पोरगा वयानं लहान, हौशी. आपल्या नामदेवांना इकडं बाबा नामदेव म्हणतात, त्यांची पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत, सुट्टीत एका शीख सोबत्याबरोबर घुमानला जाऊन आलो, असं त्यानं चार पानं भरून लिहिलं होतं. हे खरंच आहे. नामदेवांची 61 पदं शिखांच्या ग्रंथात आहेत, आणि गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला त्यांचं मोठं स्थान आहे. नांदेडला येणारे शीख यात्रेकरू नरसीलाही येतात ते त्याचमुळे. वडिलांनी ते पत्र देवळात नेऊन वाचून घेतलं. गावातल्या चार माणसांनी ते ऐकलं. दादांचं पत्र मात्र कधी देवळात गेलं नाही.

नोव्हेंबरात दादांचं पत्र आलं. दोन ओळी. मी खुशाल आहे. राखी मिळाली, बांधली. बस्स. अक्षर त्यांचंच. काकूंनी आईला मात्र पानभर वाचून दाखवलं. तिथं नसलेली म्हैस, नसलेला पाऊस, नसलेले नमस्कार, सगळं मनानं जोडून. तुम्हीही कधी असं 'वाचलं' असेल तर त्यात पाप काही नाही.

दादा 1989 साली परतले. पुढं पेन्शन घेऊन गावी आले, शेती करू लागले, नातवंडं झाली. पण त्या दोन वर्षांबद्दल अवाक्षर नाही. कारगिलवरून आलेला जवान चार लोकांत बसून सांगतो, लोक ऐकतात. श्रीलंकेवरून आलेल्यांना विचारलंच नाही कुणी. मद्रास बंदरावर शेवटचे जवान उतरले तेव्हा त्या राज्याचे तेव्हाचे मुख्यमंत्री स्वागताला गेले नव्हते. कोलंबोजवळ कोट्टे इथं त्यांच्या नावांचं स्मारक उभं राहिलं तेही 2008 साली, त्यांच्या विरुद्ध लढलेल्यांचं युद्ध संपायला वर्षच उरलं असताना.

आणि खरं सांगू का, सांगायला अवघड असंही तिथं पुष्कळ घडलं. त्याच दिवाळीत जाफन्याच्या सरकारी रुग्णालयात शिरलेल्या भारतीय जवानांच्या गोळीबारात रुग्ण, डॉक्टर, परिचारिका अशी साठ-सत्तर माणसं मेली. आतून आमच्यावर गोळ्या आल्या असं फौजेचं म्हणणं. नाही आल्या असं वाचलेल्या लोकांचं म्हणणं. जाफन्यातही बहिणी होत्या. त्यांचे भाऊ रानात होते, आणि त्यांना तर ए.पी.ओ.चाही पत्ता नव्हता. हे लिहिलं म्हणून कुणी रागावू नये. आपल्या भावानं काय सोसलं हे समजायचं असेल तर तो कुठल्या आगीत उभा होता हेही समजायला हवं. शत्रू समोरून वर्दी घालून आला तर पत्रात लिहिता तरी येतं. सकाळी पाणी देणारं घर आणि रात्री गोळी येणारं घर एकच असेल तर माणूस बहिणीला काय लिहील? म्हशीचीच चौकशी करील.

काही वर्षांपूर्वी काकूंनी ती तार खाली काढली. पत्रांची चळत घेऊन दादांच्या पुढ्यात बसल्या. "काय झालं होतं सांग" असं त्यांनी विचारलं नाही, हे त्यांचं शहाणपण. त्यांनी दोन ओळींचं पत्र पुढं धरलं आणि एवढंच विचारलं, "दादा, हे कशावर ठेवून लिहिलं होतंस? अक्षर हललंय." दादा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, गुडघ्यावर. त्याआधी चार लिहून फाडली होती. पहिल्यात शेजारी असलेल्या पोराचं नाव होतं. तो दुपारी गेला होता. दुसऱ्यातही ते नाव आलंच. नाव आलं नाही तेव्हा ते पत्र टाकलं. त्या दिवशी दोघांनी मिळून एकेक पत्र वाचलं. दर पत्रापाशी दादांनी एक-दोन वाक्यं सांगितली, काहींपाशी नुसती मान हलवली. काकूंनी त्यांच्यासमोर लिहून घेतलं नाही, रात्री घरी येऊन वहीत उतरवलं. पुढच्या खेपेला ती वही त्यांना दाखवली. दोन ठिकाणी त्यांनी खोडायला सांगितलं, काकूंनी खोडलं.

मी विचारलं, "आणि तुमची पत्रं? तुम्ही त्यांना लिहिलेली?" काकू हसल्या. एकही नाही. पाठीवरच्या सामानात पत्रं किती ठेवणार? भिजली, फाटली, राहून गेली.

हे काही काकूंचंच नाही. पहिल्या महायुद्धात फ्रान्सला गेलेल्या हिंदी शिपायांची पत्रं सरकार उघडून वाचायचं. उतारे काढून, इंग्रजीत उतरवून वर पाठवायचं. त्यांत उर्दू, गुरुमुखी, हिंदी होती तशी मराठीही होती. शिपायांना पत्र उघडलं जातं हे ठाऊक असल्यानं ते आडून-आडून, काळी मिरी-लाल मिरचीच्या भाषेत लिहायचे. त्या उताऱ्यांचे गठ्ठे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आजही आहेत, आणि 1999 साली डेव्हिड ओमिसी यांनी त्यांतली निवडक पत्रं पुस्तकात छापली. गंमत बघा, ज्यांनी चोरून वाचली त्यांच्यामुळे ती टिकली! पण त्यातही घरच्या बायकांची पत्रं अगदी बोटांवर मोजण्याइतकी. तेव्हा तुम्ही भावाला लिहिलेल्या पत्रात काय होतं, काय मुद्दाम लिहिलं नव्हतं, ते तुम्हीच आठवून कुठंतरी टिपून ठेवा. ते दुसऱ्या कुणाच्या दप्तरात मिळायचं नाही.

आता घरात असलेली पत्रं सांभाळायची कशी ते. आधी ती तारेवरून सोडवा, पण ओढू नका. तार गंजून कागदाला चिकटलेली असते. कागद हलकेच वर सरकवत काढा. टाचण्या आणि स्टेपलच्या पिना काढून टाका, त्यांचा गंज पुढच्या पत्रावर उतरतो. घडीवर फाटलेल्या पत्राला चिकटपट्टी लावायचा मोह होतो. अजिबात लावू नका, दहा वर्षांत ती पिवळी पडते आणि अक्षरंच घेऊन निघते. लॅमिनेशन तर त्याहून वाईट, एकदा केलं की परत कागद मोकळा होत नाही. दौतीच्या शाईनं लिहिलेलं असेल तर ओल्या फडक्यानं पुसू नका. मऊ कोरड्या ब्रशनं धूळ झटका. उन्हं दाखवायची आपली सवय पापडांना ठीक, पत्रांना नको. शाई उडते. सावलीत, वाऱ्यावर तासभर पुरे.

घड्या उलगडून दोन जड वह्यांमधे आठवडाभर दाबून ठेवा, आणि मग धुतलेल्या, खळ नसलेल्या सुती कापडात गुंडाळा. प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, आत दमट होतं. डांबरगोळी ठेवायचीच तर कागदाला लागू देऊ नका. कपाट ओल येणाऱ्या भिंतीला टेकलेलं नसावं, आणि पावसाळा संपला की एकदा उघडून बघावं. मुलांकडून मोबाइलवर फोटो काढून घ्या, पण दोन्ही बाजूंचे. नुसत्या मजकुराचा फोटो काढतात आणि पत्त्याची बाजू सोडतात. शिक्का, तारीख, फील्ड पोस्ट ऑफिसचा नंबर, सगळं तिथंच असतं. काकूंच्या पत्रांवर 'ता. हिंगोली, जि. परभणी' असं आहे. हिंगोली जिल्हा झाला तो 1 मे 1999 रोजी, हे आज त्यांच्या नातवंडांना सांगावं लागतं. पत्राच्या मागं काही लिहायचं असेल तर शिसपेन्सिलीनं, कोपऱ्यात, हलक्या हातानं.

ज्यांचे भाऊ आज फौजेत आहेत त्यांना राखीसाठी अजूनही ए.पी.ओ.चाच पत्ता लागतो. पाकिटावर नंबर, हुद्दा, नाव, कंपनी, पलटण आणि ए.पी.ओ. एवढंच लिहा. भाऊ बोलता-बोलता फोनवर गाव सांगून गेला असेल तरी ते पाकिटावर येऊ देऊ नका. कुंकू मोकळं घालू नका, छोट्या पुडीत बांधा. फराळ पाठवायचा तर लाडवापेक्षा शंकरपाळे आणि चिवडा बरा. आणि तीन आठवडे आधी टाका, परतवारीचा हिशेब लक्षात ठेवा.

राहिली गोष्ट मोबाइलची. दक्षिण सुदानातल्या यादवीत संयुक्त राष्ट्रांच्या झेंड्याखाली आपल्या पलटणी गेल्या, तिथले भाऊ व्हॉट्सॲपवर 'ठीक आहे' म्हणून अंगठा पाठवतात. फोन बिघडला की तो अंगठाही गेला. महिन्यातून एकदा, किराणा भरायला बाजारात जाल तेव्हा, झेरॉक्सच्या दुकानात त्या महिन्याचे निरोप छापून घ्या. दहा-वीस रुपयांचं काम आहे. तारीख आणि वेळ दिसेल असं छापायला सांगा, कारण रात्री अडीचला आलेलं 'ठीक आहे' आणि दुपारी चारला आलेलं 'ठीक आहे' यांत फरक असतो.